रंगमंचाचा डावा अर्धा

ताइसिया कुणापाशी तरी म्हणाली, की नोन्ना येगोरोव्हनाची आठवण म्हणजे आपल्या थिएटरची तिजोरी आहे. हे बोलणं फिरत फिरत नोन्नाच्या कानावर आलं आणि बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याला कुणी तिजोरी म्हणावं, ही काही लहानसहान गोष्ट नाही. जन्मभर टेलिफोनच्या कारखान्यात तारा जोडल्या, तेव्हा कुणी साधं शाबास म्हटलं नव्हतं.

झालं होतं असं. कामा नदीकाठच्या त्यांच्या शहरातल्या थिएटरने एक जुना बॅले पुन्हा उभा करायचं मनावर घेतलं होतं. 'गोठलेला झरा' त्याचं नाव. बासष्ट साली तो पहिल्यांदा झाला, नऊ वर्षं चालला, आणि मग गोदामात पाणी शिरून पडदे, पोशाख, कागद, सगळं कुजून गेलं. हाताशी उरले सहा-सात फोटो, तेही काळे-पांढरे आणि सगळे नायिकेचेच. पोशाखांचं काम ताइसियाकडे होतं. तिशीची मुलगी, केस मुलासारखे कापलेले, बोटांना कायम कुठला ना कुठला रंग लागलेला. तिने वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की ज्यांनी तो बॅले पाहिला असेल त्यांनी येऊन सांगावं, कोणी काय घातलं होतं, रंग कोणते होते. अकरा म्हातारी माणसं आली. दहा जणांना संगीत आठवत होतं, स्वतःचं तारुण्य आठवत होतं, शेजारी कोण बसलं होतं तेसुद्धा आठवत होतं. पोशाख आठवत होते फक्त नोन्नाला.

आणि कसे आठवत होते! झऱ्याच्या मुलीचा झगा पांढरा नव्हताच, ती म्हणाली. पांढरा दिसायचा, पण निऱ्यांच्या आत निळसर हिरवा होता, म्हणून गिरकी घेतली की पांढऱ्यातून पाणी डोकवायचं. शिकाऱ्याच्या अंगरख्याची एकच बाही कातडी होती, दुसरी साधी, कारण धनुष्य एकाच हाताला घासतं. गावातल्या मुलींचे रुमाल विटकरी होते. "लाल म्हणाल तर मी उठून जाईन," असं तिने बजावलं, आणि कुणी लाल म्हटलं नाही. शिवणखात्यातल्या बाया सुया हातात धरून नुसत्या ऐकत राहिल्या.

"आणि दुसऱ्या अंकात डावीकडे ती बसलेली असायची," नोन्ना म्हणाली.

"ती कोण?" ताइसियाने पेन्सिल उचलली.

"हिवाळ्याची आई. म्हातारी. अंगावर धुरकट जांभळा झगा, हा एवढा, जमिनीवर पसरलेला. त्याच्या कडेला बारीक रुपेरी घंटा, चाळीस. सबंध अंकभर ती हलायची नाही. हलली असती तर वाजल्या असत्या ना! झरा फुटला की तेवढी उठायची, आणि एकच घंटा वाजायची. ती फक्त उजव्या बाजूच्या लोकांना ऐकू यायची, इतकी हळू."

ताइसियाचे डोळे चमकले. असा पोशाख शिवायला मिळावा म्हणूनच माणूस या धंद्यात येतो. तिने तिथल्या तिथे जाळीचं कापड मागवायला सांगितलं.

आता ही जी डावी बाजू, ती नोन्नाने जन्मात पाहिली नव्हती. बाई खोटं बोलत नव्हती. ती ते साफ विसरून गेली होती.

साठ-बासष्ट साली नोन्ना आणि फाइना कारखान्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहायच्या. दोन खाटा, एक इस्त्री, आणि दोघींत मिळून मिरवण्यासारखा एकच बुटांचा जोड. थिएटरचं वेड दोघींना सारखंच. परवडायची ती तिसऱ्या मजल्याच्या अगदी कडेची जागा, रंगमंचाच्या जवळजवळ डोक्यावर. तिथून अर्धाच रंगमंच दिसतो. डाव्या कडेला बसलं की उजवा अर्धा, उजव्या कडेला बसलं की डावा. एकदा रांगेत उशीर झाला आणि दोघींना समोरासमोरच्या दोन कडांची तिकिटं मिळाली. तोंडं पाडून आत गेल्या. पण परत येताना ट्राम चुकली, आठ थांबे चालावं लागलं, आणि चालता चालता एकीने आपला अर्धा सांगितला, दुसरीने आपला. वसतिगृहाच्या दारात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आज आपले दोन प्रयोग झाले, एक बघायचा आणि एक ऐकायचा.

तेव्हापासून त्यांनी शेजारशेजारची जागा कधी मागितलीच नाही. तिकिटांच्या रांगेत तळहातावर पेन्सिलीने नंबर लिहून द्यायचे. तो पुसू नये म्हणून दोघी मुठी झाकून उभ्या राहायच्या, आणि खिडकीपाशी पोचल्या की एका सुरात म्हणायच्या, "एक डावी, एक उजवी." खिडकीतली बाई त्यांना भांडलेल्या बहिणी समजायची आणि दर वेळी समेटाचा उपदेश करायची.

नोन्ना डावी, फाइना उजवी. एकदोनदा नोन्ना म्हणाली होती, आज बदलून बसू या. तर फाइनाने उडवून लावलं. म्हणे, उजवीकडे बसल्याशिवाय मला संगीत लागत नाही. आणि नोन्नानेही फार ताणलं नाही, कारण फाइनासारखं सांगणारी दुसरी नव्हती. मधेच रस्त्यात थांबायची, हातमोजे काढायची, बोटांनी झग्याची कड हवेत काढून दाखवायची. 'गोठलेला झरा' त्यांनी सत्तावीस वेळा पाहिला, आणि हिवाळ्याच्या आईचं काही ना काही नवीन प्रत्येक वेळी कळलं. कधी तिच्या बाहीला तुषार लागलेले, कधी तिने झऱ्याकडे नुसती मान वळवलेली. दुसऱ्या दिवशी नोन्ना दवाखान्यातल्या जाळीदार पट्टीला नीळ आणि खळ देऊन तसली कॉलर करून घालायची. बघता बघता कारखान्यातल्या अर्ध्या मुलींनी ती कड आपापल्या रुमालांवर भरून घेतली. एका मुकादमाच्या बायकोनेसुद्धा.

पुढे लग्नं झाली, मुलं झाली, नवरे गेले. थिएटरातल्या जागाही सुधारल्या. पण तोवर 'झरा' बंद पडला होता, आणि तो दोघींनी एका जागी बसून, सबंध, असा कधीच पाहिला नव्हता.

म्हणून ताइसियाने पहिल्या प्रयोगाची दोन तिकिटं हातात ठेवली, तेव्हा नोन्ना तिथून तडक फाइनाकडे गेली. फाइना येत्या सोमवारी कायमची निघणार होती, मुलीकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कालिनिनग्रादला. घर विकलं होतं. खोलीत दोरीने बांधलेली खोकी आणि भिंतीवर तसबिरी काढल्याचे चौकोन.

"शनिवार. पाचवी रांग, अगदी मधोमध," नोन्नाने तिकिटं बशीशेजारी मांडली. "आता बघू तुझी उजवी आणि माझी डावी!"

फाइनाने चेरीच्या जॅमचा चमचा तोंडातच ठेवला. मग काढला. "माझा गुडघा दुखतोय."

"पाचव्या रांगेला जिना नाही."

"सामान बांधायचंय."

"झालंय बांधून. मी खोक्यावरच बसलेय."

"मग तुझ्या शेजारणीला ने. ती बिचारी कुठे जात नाही."

"फाया, तू सोमवारी जाणार. पुन्हा कधी..."

"पुन्हा कधी नाही, असंच ना? बोल की सरळ. कालिनिनग्राद काय चंद्रावर आहे?"

"आपल्या वयाला चंद्रावरच."

फाइनाने कप उचलून मोरीकडे नेला. पाठमोरीच म्हणाली, "आठवणीत आहे ते राहू दे ना गं. नव्या पोरी येतील, पाय कानापर्यंत नेतील, आणि आपलं जुनं सगळं पुसलं जाईल. मला नाही बघायचं."

नोन्ना उठली, कोट घातला, आणि दुसऱ्या बाहीत हात जाईना इतकी रागावली. जिना उतरताना मात्र राग गेला आणि रडू आलं. तिला बॅलेचं एवढं नव्हतं. ही बाई जाणार, आणि जाण्याआधी आपल्याशेजारी एक संध्याकाळ बसायला तयार नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं. पन्नास वर्षांपासूनच्या मैत्रिणीने गुडघा पुढे करावा!

गुरुवारी ताइसियाचा फोन आला. जमलं तर येऊन जा म्हणाली. नोन्ना शिवणखात्यात पोचली तर टेबलावर चहा तयार.

"आधी चहा घ्या, नोन्ना येगोरोव्हना."

जे लोक आधी चहा देतात त्यांच्यापाशी वाईट बातमी असते, हे नोन्नाला दवाखान्यांनी शिकवलं होतं. तिने कप हातात घेतलाच नाही. "सांगून टाक, पोरी."

बासष्ट साली ज्याने पोशाख केले होते त्याच्या नातीने मॉस्कोहून एक वही पाठवली होती. घरातल्या माळ्यावर सापडली म्हणे. ताइसियाने ती उघडली. झऱ्याच्या मुलीचा झगा, निऱ्यांच्या आत निळसर हिरवा रंग, बाजूला कापडाचा तुकडा टाचलेला. शिकाऱ्याची एक बाही कातडी. रुमाल विटकरी.

"एकही चूक नाही तुमची," ताइसिया म्हणाली. "मी थक्क झाले. उजवीकडचं सगळं तंतोतंत."

"आणि डावीकडचं?"

ताइसियाने पान उलटलं. दुसऱ्या अंकाचं चित्र होतं. उजवीकडे मुलगी, शिकारी, बर्फाचा कडा. डावा अर्धा पेन्सिलीने नुसता काळा केला होता, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: डावीकडे काही नाही. बर्फ आणि अंधार. मुलीला एकटी राहू द्या.

कोपऱ्यात लाकडी पुतळ्यावर हिवाळ्याच्या आईचा झगा उभा होता. शिवून झालेला. जवळून बघितलं तर जाळीवर कुंचल्याचे भरड पट्टे दिसत होते, कडेच्या घंटा पातळ पत्र्याच्या होत्या. पण चार पावलं मागे सरलं की सगळा धूर होऊन जात होता. नोन्नाने चार पावलं मागे जाऊन पाहिलं. अगदी तसाच होता.

"असं कसं होईल? फाइनाने मला स्वतः सांगितलं..." ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. हे वाक्य तिच्या तोंडून इतक्या वर्षांत कधी निघालं नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

मग सगळं बाहेर आलं. एक डावी, एक उजवी, आठ थांबे. ताइसिया टिपून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "त्या नेमक्या कुठे बसायच्या?"

"तिसरा मजला, उजवी कड, दोन नंबर. नेहमी तीच."

ताइसियाने वहीत घडी घालून ठेवलेला एक नकाशा उलगडला. दिव्यांचा होता. तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे एक मोठं वर्तुळ आणि त्यावर फुली. "इथे दिवा असायचा," ती हळूच म्हणाली. "प्रचंड. फक्त या बॅलेसाठी वर चढवायचे, बर्फावर तिरपा उजेड यावा म्हणून. एक नंबरची खुर्ची काढून तिथे बसवायचे. दोन नंबरवरून रंगमंच दिसत नव्हता, नोन्ना येगोरोव्हना. जराही नाही. इथे लिहिलंय बघा, ही जागा नुसती ऐकण्याची म्हणून विकावी."

"सत्तावीस वेळा," नोन्ना म्हणाली.

"झगा रंगमंचावर जाणार नाही, डावी बाजू रिकामीच ठेवायची ठरलंय. उसवून टाका म्हणून सांगितलंय, पण आमच्या बायांचा हात होत नाही."

नोन्ना बाहेर पडली ती रागाने लाल होऊन. थापाडी! आठ थांबे, उणे वीसमध्ये, आपण तोंड उघडं टाकून ऐकत होतो आणि ही थापा मारत होती. आयुष्यातलं जे सगळ्यांत स्वच्छ आठवतं असं वाटत होतं, त्यातलं निम्मं कधी झालंच नव्हतं. तिजोरी म्हणे! ट्राममध्ये शेजारच्या माणसाने जागा दिली तर ती त्याच्यावरही खेकसली. आणि मग मधल्याच एका थांब्यावर तिला उमगलं, की फाइनाला शनिवारी यायला नको ते गुडघ्यामुळे नव्हे.

फाइनाच्या दारात तिने बूट काढले नाहीत. बर्फाच्या बुटांनी सरळ आत, सतरंजीवर. फाइना कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने बुटांकडे पाहिलं.

"बूट काढ."

"नाही काढत. दोन नंबरपुढे दिवा होता."

फाइनाने गुंडाळलेला कप पुन्हा एकदा गुंडाळला. "कोण म्हणालं?"

"नकाशा म्हणाला."

"नकाशाला काय कळतंय," फाइना म्हणाली, पण त्यात जोर नव्हता. ती खोक्यावर बसली. "मला वाटलंच होतं, कुठला तरी कागद निघेल. या देशात सगळं कुजतं, नको तो कागद तेवढा टिकतो."

"मला तो दिवा समोरून दिसायचा की! मला वाटायचं, तुझ्या मागे आहे."

"मागे! तू माझ्याकडे कधी बघितलंस? एकदा तरी? पडदा वर गेला की तू गेलीस." ती रागाने बोलत नव्हती. "आठवतं, तू हॉस्पिटलातून आली होतीस? फुफ्फुसात पाणी झालं होतं. दोन महिने छताकडे बघत पडलेली. हाडं मोजून घ्यावीत अशी. आल्या आल्या म्हणालीस, 'झरा' बघायचाय. मी उजाडायच्या आधीपासून रांगेत उभी राहिले. आत जाऊन बसते तर समोर हे धूड! म्हटलं, जाताना सांगू, दोघी हसू. आणि बाहेर पडल्याबरोबर तू माझी बाही धरलीस, सांग ना, सांग ना. गालांवर रंग आला होता तुझ्या. काय सांगणार होते? दिवा काळा होता आणि त्याला चार स्क्रू होते, हे सांगू?"

"एकदा ठीक आहे. सत्तावीस वेळा?"

"दुसऱ्या वेळी तूच विचारलंस, ती म्हातारी आजही बसली होती का. काय म्हणू? रजेवर गेलीय?"

नोन्नाला हसू फुटणार होतं. तिने ते दाबलं. बूट अजून पायात होते. "बदलून बसू या म्हटलं, तेव्हा तरी सांगायचंस."

"म्हणजे तू दिव्यामागे बसली असतीस. सांगितलं असतं तर दोघी डावीकडेच बसलो असतो, आणि रस्त्याने काय बोललो असतो? पगाराचं?"

"आणि तू काय केलंस इतकी वर्षं? अडीच-अडीच तास दिव्याची पाठ बघत बसलीस?"

फाइना वर्तमानपत्राचा एक तुकडा गुडघ्यावर सपाट करत राहिली.

"दिव्याच्या बाजूने समोरचा मजला दिसायचा," ती म्हणाली. "तू दिसायचीस. खालचा सगळा उजेड तुझ्या तोंडावर यायचा. निळा झाला की समजायचं, पहिला अंक संपत आला. ती उडी घ्यायची तेव्हा तुझी हनुवटी वर जायची, आणि ती खाली येईपर्यंत तू श्वास घ्यायची नाहीस. शिकारी आला की ओठ चावायचीस. आवडायचा तुला तो. बोलली नाहीस कधी, पण मला काय कळत नव्हतं? आणि झरा फुटायचा तेव्हा तर..." तिने हात हलवला. "मी अख्खा बॅले पाहिलाय, नोन्ना. बाकीच्यांनी रंगमंचावर पाहिला, मी तुझ्या तोंडावर. त्यातूनच ती म्हातारी सुचायची. तू ज्या दिवशी जास्त हळवी झालीस त्या दिवशी ती मान वळवायची."



"मग शनिवारी का येत नाहीस?" नोन्नाने विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"कशी येऊ? डावीकडे ती नसणार. पडदा वर जाईल, तू बघशील, जागा रिकामी. आणि सोमवारी मी गाडीत बसणार. मग मी तुझ्या लक्षात कोण म्हणून राहणार? खोटारडी म्हणून?" फाइनाने गुडघ्यावरचा कागद चुरगळला. "दुसरं काही मागे ठेवून जात नाहीये मी इथे."

नोन्ना खाली वाकली, बूट काढले आणि दाराशी नेऊन नीट ठेवले. परत आली तेव्हा सतरंजीवर दोन ओले ठसे पडले होते.

"चहा टाक," ती म्हणाली. "आणि शनिवारी सहाला तयार राहा. गुडघ्याला लोकरीचं काही तरी बांध. नाटकं पुरे झाली."

शनिवारी दोघींनी पिशवीतून आणलेले चांगले बूट घालून घेतले, कोट दारापाशी सांभाळायला दिले, आणि पाचव्या रांगेत जाऊन बसल्या. फाइना पाठ टेकून बसायला तयार नव्हती. मधोमध बसण्याची तिला सवयच नव्हती. कुठल्या बाजूला मान वळवावी ते कळेना. पडदा वर गेला तेव्हा तिने आधी नोन्नाकडेच पाहिलं.

"समोर बघ," नोन्ना कुजबुजली.

"बघतेय गं. घाई काय आहे?"

मग झऱ्याची मुलगी आली. कोवळी, जेमतेम विशीची पोर. पांढऱ्या झग्यात कड्यावरून उतरली, पायाच्या बोटांवर उभी राहिली, आणि गिरकी घेतली. निऱ्या उलगडल्या. आतला निळसर हिरवा रंग एकदम बाहेर आला आणि पुन्हा पांढऱ्यात बुडाला.

"अगं बाई, पाणी!" फाइना मोठ्यांदा म्हणाली. चार माणसांनी मागे वळून पाहिलं. "तू सांगायचीस ते हे होय! मला वाटायचं, तूही थापाच मारतेस."

नोन्नाला एवढं हसू आलं की रुमाल तोंडात कोंबावा लागला. त्या अंकात तिला पंचेचाळीस वर्षं मधे गेल्यासारखी वाटलीच नाहीत. विटकरी रुमालांची रांग पुढे सरकली तेव्हा फाइना प्रत्येक मुलीबरोबर मान हलवत होती, आणि शिकारी आल्यावर तिने नोन्नाला कोपराने ढोसलं. शिकारी काही खास नव्हता. त्याच्या कातडी बाहीवरून मात्र नजर हटत नव्हती.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. उजवीकडे बर्फ, तिरप्या उजेडात चमकणारा. डावीकडे काही नाही. सपाट काळी जागा, नुसती. मुलगी नाचत होती, आणि प्रत्येक वेळी त्या अंधाराच्या कडेपर्यंत जाऊन मागे फिरत होती. तिकडे कुणी नाही हे नोन्नाला पक्कं माहीत होतं, तरी तिचा जीव त्या बाजूला ओढ घेत होता. घरातलं माणूस जेवायला येईल म्हणून ताट मांडून बसावं, तशी ती बसून राहिली. झरा फुटला, वाद्यं उंच गेली, लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. डावी बाजू शेवटपर्यंत काळीच राहिली. कुणीही उठलं नाही.

दुसऱ्या अंकानंतरच्या मध्यांतरात रांग रिकामी झाली. लोक उपाहारगृहाकडे पळाले, मासळीचे पाव संपायच्या आत. या दोघी जागच्या हलल्या नाहीत. फाइना अजून पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होती.

"काहीच नव्हतं गं तिथे," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मला वाटलं होतं, निदान एखादा दगड तरी असेल. किंवा झाड. मी काही फार खोटी पडणार नाही असं वाटायचं." "बरं झालं तो दिवा होता."

"का?"

"मला दिसलं असतं, तर बाहेर पडल्यावर तू विचारलं असतंस आणि मी खरं सांगितलं असतं, डावीकडे काही नव्हतं. आणि तू हॉस्पिटलातून आलेली, आठ थांबे मग काय ऐकत घरी आली असतीस?"

नोन्नाला रडू फुटलं. तिने तोंड फिरवलं नाही. जिने ते इतकी वर्षं पाहिलं होतं, तिच्यापासून आता काय लपवायचं?